भिंतीकडची बाजू

बारक्याचा हात उघडा होता. दवंडीनं तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, आणि दवंडीनं एकदा काही पाहिलं की ते पुसायला ब्रह्मदेव आला तरी उपयोग नव्हता.

गावाबाहेरच्या फरशीच्या कारखान्यात ती पाणी मारायच्या कामाला होती. करवतीखालून लाद्या निघायच्या त्या पांढऱ्या चिखलानं माखलेल्या. नळी धरून त्या धुवायच्या, मग उचलणारे येऊन न्यायचे. उचलणारे जोडीनं असत. लादी उभी धरायची, प्रत्येकानं एक हात खालून घालायचा, दुसरा वरच्या कडेला लावायचा, आणि अरुंद गल्लीतून नेऊन लाकडी घोडीवर टेकवायची. घोडी भिंतीला लागून असायची. त्यामुळे भिंतीकडच्या गड्याचा खालचा हात सगळ्यांत शेवटी सुटायचा, आणि त्यामुळेच ‘टेक’ म्हणायचा मान त्याचा. तो ‘टेक’ म्हणेपर्यंत दुसऱ्यानं शिंकायचंसुद्धा नाही.

त्या दिवशी भिंतीकडे तिचा नवरा होता. मोकळ्या बाजूला तिचा सख्खा धाकटा भाऊ, बारक्या. नाव बारक्या, पण दारातून आत यायचं तर मान वाकवावी लागायची. नवऱ्याला सगळा कारखाना घुम्या म्हणायचा, कारण सबंध दिवसात त्याच्या तोंडून चार शब्द निघाले तर सण. देवानं जोडपं जमवताना शब्दांचं पोतं एकाच बाजूला उलटं केलं होतं. कानावर पडलेली गोष्ट बायको संध्याकाळपर्यंत चार गल्ल्यांत पोचवायची, म्हणून धुणाऱ्या बायकांनी तिला दवंडी हे नाव ठेवलं. तिला ते आवडायचंही.

घुम्यानं ‘टेक’ म्हटलंच नव्हतं. तेवढ्यात लादी वरून कलली आणि धाडकन घोडीवर बसली. दवंडीनं मान वर केली तेव्हा बारक्याचा वरचा हात, उजवा, हवेत होता. पाचही बोटं मोकळी. आणि घुम्या भिंतीशी खाली बसला होता, आवाज न करता, लादीखालून हात ओढत. उजव्या हाताची मधली दोन बोटं चेचून गेली होती. डॉक्टरनं ती दुसऱ्या पेरापाशी कापली.

हातमोजे का घातले नाहीत, असं डॉक्टरनं विचारलं. ओल्या लादीवर मोजा सरकतो, हे त्याला कोण सांगणार? दोघांनी उचललेली ती लादी खरं तर चौघांनी उचलायची होती, हेही कुणी बोललं नाही. कारखान्यात बोट गेलं की एकच प्रश्न असायचा, जोडीतल्या कुणाची चूक.

तोच प्रश्न दवंडीच्या डोक्यात घर करून बसला. कारण एक गोष्ट तिला काही केल्या पचत नव्हती. भिंतीकडची बाजू नेहमी बारक्याची असायची. जोडी जमली तेव्हापासून. बाजू बदलली की बोट गेलं, असं उचलणारे म्हणायचे, आणि कुणी गमतीनंही बदलायचं नाही. मग नेमक्या त्या सकाळी घुम्या भिंतीकडे कसा गेला? कुणी घातला त्याला तिथं?

“आई, पाणी कुठंतरी मुरतंय,” ती सासूला म्हणाली.

म्हातारी गुडघ्याला तेल चोळत बसली होती. तिला एवढंच हवं होतं. “मी तरी दुसरं काय म्हणतेय? तुझाच भाऊ म्हणून जीभ आवरली. जमिनीचं नाही म्हटल्यापासून त्याचं तोंड बघ कसं झालंय.”

जमिनीचं असं होतं. रस्त्याकडेचा एक चिंचोळा तुकडा बापानं दोघांच्या नावावर ठेवला होता. बारक्याला तो विकायचा होता. का, ते सांगेना. “ताई, तू हो म्हण, पुढचं मी बघतो,” एवढंच. दवंडी हो म्हणायच्या बेतात होती, पण घुम्यानं आपल्या चार शब्दांतला एक खर्च केला आणि म्हणाला, “नको.” बारक्या ताटावरून उठून गेला. त्याला फार दिवस झाले नव्हते.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. दवंडीला माहेर म्हणून उरला होता तो हा एकटा. आईबाप गेले, घर पडलं, तेव्हा तिनंच त्याला आणून मागच्या पडवीत ठेवलं, मुकादमाच्या पाया पडून कामाला लावलं, नवऱ्याच्या जोडीला घातलं. आता त्यानंच असं केलं असेल, तर तिनं तोंड कुणाला दाखवायचं? आणि केलं नसेल, तर मग तो असा का वागतोय?

कारण वागत होता खरा विचित्र. आधी रोज संध्याकाळी सगळे एका ओळीत जेवायला बसत. आता तो ताट घेऊन पडवीत जायचा आणि भिंतीकडे तोंड करून जेवायचा. एकदा ती वाढायला गेली, तर चमच्यानं खात होता. पाहुण्यासारखा. तिला बघताच चमचा ठेवला आणि उजवा हात खिशात घातला. हा खिशातला हात तर आता रोजचाच झाला होता. बोलताना खिशात, चालताना खिशात. जो माणूस शर्टाच्या इस्त्रीसाठी तांब्यात निखारे घालून फिरवायचा, तो आता वरची दोन बटणं उघडी टाकून कामावर जात होता.

“खाई त्याला खवखवे,” म्हातारी म्हणाली.

घुम्याची दाढी वाढली होती. डाव्या हातानं त्याला जमेना, आणि दवंडीनं प्रयत्न केला तर हनुवटीवर दोन ठिकाणी रक्त आलं. ती पडवीत गेली. “बारक्या, दाजींची दाढी करून दे. तुझा हात चांगला बसतो.”

बारक्या खाटेवर बसला होता. त्यानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. “मला नाही जमायचं, ताई.”

“का नाही जमायचं? स्वतःची तर आरशाशिवाय करायचास.”

“नाही जमायचं म्हटलं ना.”

तिनं मग पाहिलं, त्याची स्वतःचीही दाढी वाढलेली होती. दुखवटा पाळल्यासारखी. कशाचा दुखवटा? ती परत आली तेव्हा म्हातारीनं सगळं ऐकलेलं होतं. “गळ्याशी पातं धरायला भीती वाटत असेल. स्वतःचीच.”  ती सासूला गप्प बसा म्हणाली, पण जे मनात होतं तेच म्हातारीच्या तोंडून बाहेर आलं होतं.

तिनं नवऱ्याला विचारून पाहिलं. ती त्याच्या हाताखाली उशी सरकवत होती. पट्टीतून दोन आखूड टोकं पुढं आली होती आणि त्यांना बोटं म्हणायची सवय तिला अजून झाली नव्हती.

“अहो, त्या दिवशी तुम्ही भिंतीकडं कसे?”

घुम्यानं डोळे मिटले.

“त्यानं सांगितलं का तिकडं जा म्हणून?”

“झोप,” तो म्हणाला. ऊन अजून अंगणात होतं आणि चूल पेटायची होती. झोप म्हणे. एवढं कुणाला पाठीशी घालतोय हा, तिला कळेना. का भितोय? जोडी त्याच्याशीच लावायची आहे म्हणून? का बायकोचा भाऊ म्हणून गिळतोय? तिला नवऱ्याची कीव आली आणि त्याहून जास्त राग आला.

दवंडी पुन्हा कामावर गेली. त्या दिवसांत विहिरी तळाला गेल्या होत्या, शेतात कुणाला काम नव्हतं, आणि कारखान्याच्या फाटकाशी रोज सकाळी रिकाम्या हाताची माणसं उभी असायची. मुकादम त्यांच्यातून निवडायचा. त्याची निवडायची पद्धत साधी होती. आपली दोन बोटं समोरच्याच्या मुठीत द्यायचा आणि म्हणायचा, “दाब.” मूठ घट्ट असली तर आत. सैल असली तर घरी. जुन्या गड्यांचीही तो अधूनमधून अशीच मूठ बघायचा, हसत हसत, जावयाची चौकशी करावी तसा.

दुपारच्या सुट्टीत तो दवंडीपाशी आला. कधी नव्हे तो तिला चहा मागवला. “काय म्हणतोय घुम्या?”

“काय म्हणणार? आधीच बोलायचा वांधा.”

“मालक विचारतोय चूक कुणाची. घुम्या बोलत नाही, बारक्या बोलत नाही. तू तर तिथंच होतीस, नळी घेऊन.”

चहा गोड होता. दवंडीनं पेला खाली ठेवला. तिला माहीत होतं की इथं थांबावं. पण कितीतरी दिवस ती हे एकटी वागवत होती, आणि विचारणारा हा पहिलाच. “हात उघडा होता त्याचा,” ती म्हणाली. “टेक म्हणायच्या आधी. मी बघितलाय. आणि बाजू बदललेली होती.”

“बारक्याचा हात?”

“वरचा. असा.” तिनं स्वतःचा हात हवेत उघडून दाखवला.

मुकादम बराच वेळ त्या हाताकडं बघत राहिला. “सख्खा भाऊ ना तुझा?”

“म्हणून काय झालं? कुंकू कुणाचं लावते मी?”

“उद्या सगळ्यांसमोर विचारतो त्याला,” मुकादम म्हणाला आणि चहाचे पैसे न देताच निघून गेला.

कारखाना सुटेपर्यंत बारक्याकडं सगळे वळून वळून बघायला लागले होते. घुम्याच्या जागी त्याच्या जोडीला दिलेला गडी पोटात दुखतंय म्हणून बाजूला झाला. दुसरा खांदा धरलाय म्हणाला. बारक्या गल्लीच्या तोंडाशी एकटाच उभा राहिला, हात खिशात घालून.

घरी आल्यावर दवंडीनं नवऱ्याला सांगून टाकलं. तिला वाटलं होतं, त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. “मी मुकादमाला सांगितलं. तुम्ही नाही बोललात तर नाही बोललात. मी बघितलं ते सांगितलं.”

घुम्या ताडकन उठून बसला. पट्टीचा हात खाटेच्या काठावर आपटला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला, पण तो थांबला नाही. “काय सांगितलंस?”

“हात उघडा होता. बाजू बदलली होती.”

“बाजू मी बदलली.”

“तुम्ही?”

“मी. त्या दिवशी सकाळी. त्याचा उजवा हात मेलाय गं. बधिर झालाय पार. पकडलेलं कळत नाही, सुटलेलं कळत नाही. भिंतीकडं उजवा हात खालून लागतो. सगळा भार त्याच्यावर. म्हणून मी त्याला मोकळ्या बाजूला घेतलं. डावा खालून, उजवा नुसता वर टेकवायला. वाटलं, निभेल.” त्याला धाप लागली. एवढं तो लग्नातही बोलला नव्हता. “नाही निभलं. लादी जड होती. वरचा हात सुटला तो त्याला कळलासुद्धा नाही. मी खाली बसलो, तोपर्यंत त्याला वाटत होतं धरलीय.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“तुला?” घुम्या म्हणाला. “तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. मुकादमाला कळलं असतं तर त्यानं मूठ दाबायला लावली असती. मागच्या खेपेला बारक्यानं डावा हात पुढं करून वेळ मारून नेली. मग हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल? आणि बघ. नाही सांगितलं तरी सांगून आलीस.”

म्हातारी बाहेर शेजारणीकडं बसली होती म्हणून बरं. दवंडी खाली बसली. 

मग ती उठली आणि चहा घेऊन पडवीत गेली. चहा उकळता होता, पेला स्टीलचा, म्हणून तिनं तो फडक्यात धरला होता. बारक्यानं तो उजव्या हातात घेतला. फडक्याशिवाय. घेऊन तसाच बसला. दवंडी वाट बघत राहिली, की आता हात झटकेल, आता खाली ठेवेल. त्याला काहीच झालं नाही. शेवटी तिनंच पेला काढून घेतला आणि त्याचा तळवा उघडला. बोटांच्या आतल्या बाजूला फोड आले होते. काही नवे, काही जुने, फुटून वाळलेले. कितीतरी चहा त्यानं असे हातात धरले होते.

“कधीपासून?”

“थंडीपासून. आधी मुंग्या यायच्या. मग मुंग्यापण गेल्या.” त्यानं हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला नाही. “खुळ्यासारखं वाटतं, ताई. बटण हाताला लागत नाही. दाढीचं पातं धरलंय का नाही ते बघून ठरवावं लागतं. दाजींच्या गळ्याशी कसं धरू?”

“आणि जमीन?”

“विकून फाटकाबाहेर टपरी टाकणार होतो. बसून करायचं काम. तुला कारण सांगितलं असतं तर…” 

“तर मी सगळ्यांना सांगितलं असतं,” दवंडी म्हणाली.

 बारक्यानं विचारलं, “तुला खरंच वाटलं, की मी मुद्दाम सोडली?”

खोटं बोलावं असं तिला फार वाटलं. “वाटलं,” ती म्हणाली. तिनं त्याच्या शर्टाची वरची दोन बटणं लावली, जशी तो शाळेत जायचा तेव्हा लावायची, आणि तो लहान पोरासारखा हनुवटी वर करून बसून राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पुसायला त्यानं डावा हात वर केला.

सकाळी मुकादम करवतीच्या मंचावर उभा होता. करवत बंद होती, आणि ती बंद असली की कारखान्यात माणसांचे खोकले ऐकू यायचे. घुम्यासुद्धा आला होता, हात गळ्यात बांधून. मुकादमानं त्याला बोलावलं नव्हतं.

“बारक्या,” मुकादम म्हणाला, “तुझी बहीण म्हणते हात उघडा होता. टेक म्हणायच्या आधी. खरं का?”

बारक्यानं खाली बघितलं. “खरं.”

“का सोडलीस?”

सगळे पुढं सरकले. दवंडीला समजलं, आता तो बोलेल. आणि तो बोलला तर हाताचं निघेल, आणि नाही बोलला तर मुद्दाम सोडली असं ठरेल. दोन्हीकडून फाटकाबाहेर, आणि एकीकडून तर जन्मभर मेहुण्याची बोटं खाणारा म्हणून. ती नळी टाकून पुढं झाली.

“त्यानं सोडली नाही. सटकली.”

मुकादम वळला. “काल तर तू…”

“काल खोटं बोलले. म्हणजे हात उघडा होता ते खरं. पण उघडा झाला माझ्या पाण्यानं. मी बाजूच्या बाईशी बोलत होते, नळी फिरली, ती सरळ लादीच्या वरच्या कडेवर. धरणार कसं कुणी? माझ्यावर यायला नको म्हणून मी त्याच्यावर ढकललं.”

कुणीतरी फुस्कन हसलं. मग एकजण म्हणाला, “तरीच. तोंड चालू आणि हात भलतीकडं.” आणि ते सगळ्यांना पटलं. दवंडीबद्दल असलं काही पटायला वेळ लागत नव्हता. धुणाऱ्या बायका मात्र तिच्याकडं अशा बघत होत्या, जशी ती कुणाच्या घरात काडी टाकून आली आहे. आपल्याच नवऱ्याची बोटं.

मुकादम तिच्याकडं बघत होता. त्याचा विश्वास बसला नव्हता. “आणि बाजू? बाजू का बदलली?”

“माझा खांदा भरला होता,” घुम्या म्हणाला. सगळे चमकले, कारण त्याचा आवाज पुष्कळांनी पहिल्यांदाच ऐकला होता. “मीच म्हटलं बदल.”

“असं का.” मुकादम मंचावरून उतरला आणि सरळ बारक्यापाशी गेला. दोन बोटं पुढं केली. “दाब बघू. उजव्यानं.”

बारक्याचा हात खिशात होता. तो तिथंच राहिला.  दवंडीनं जमिनीवर पडलेली नळी उचलली, पाणी तसंच चालू होतं, आणि ती मुकादमाच्या आणि भावाच्या मधे शिरली. मुकादमाची चप्पल भिजली.

“मूठ कशाला बघताय? तशीही त्याच्याशी जोडी कोण लावणार आता? काल तुम्हीच बघितलंत. मला तर तुम्ही काढणारच. नळी त्याला द्या. नळीला मूठ लागत नाही.”

“बायकांचं काम करेल तो?”

“कमी पैशात करेल,” दवंडी म्हणाली.

हे मात्र मुकादमाला लगेच समजलं. त्यानं बोटं मागं घेतली, चप्पल झटकली, बारक्याच्या खिशाकडं एकदा बघितलं, आणि मग दवंडीकडं, बराच वेळ. “उद्यापासून फाटकाशी दिसू नकोस,” तो म्हणाला आणि करवत चालू करायची खूण केली. बारक्यानं दोन्ही हातांनी नळी घेतली आणि बगलेत दाबून धरली. बायका त्याच्यापासून लांब सरकल्या आणि तोंडाला कापड लावून हसल्या.

संध्याकाळी ओळीत बसून सगळे जेवत होते. दवंडी नवऱ्याला भरवत होती, आणि बारक्या पहिल्यांदाच उघडपणे चमचा घेऊन बसला होता. बातमी म्हातारीपर्यंत आधीच पोचली होती. तिनं ताटाला हात लावला नव्हता.

“तू होतीस तर,” म्हातारी म्हणाली. “माझ्या पोराची बोटं तू घालवलीस. तोंडाच्या टकळीपायी. आणि माझ्यासमोर बसून भावाला शिव्या देत होतीस. मलासुद्धा फशी पाडलंस.”

घुम्यानं घास तसाच तोंडात धरून बायकोकडं बघितलं. बारक्याचा चमचा थांबला. त्यानं तोंड उघडलं तसं तिनं त्याच्याकडं असं बघितलं, की त्यानं ते परत मिटलं. म्हातारी दुपारभर शेजारणीकडं बसते, आणि शेजारणीचा नवरा मुकादमाकडं पाणी भरतो. दवंडीला हे माहीत होतं, कारण गावातल्या सगळ्या गोष्टी कुठून कुठं जातात, ते तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

“बोल की,” म्हातारी म्हणाली. “एरवी तर गप्प बसवत नाही तुला.”

दवंडीचे ओठ हलले. मग तिनं खाली बघितलं, भात कालवला आणि नवऱ्यापुढं पुढचा घास धरला.